गावडे मुकादमांनी सरकवलेला देव

पाऊस नसताना पायवाट बघायला येणाऱ्या माणसाला गावडे मुकादम ‘इंजिनियर’ म्हणत. त्यांच्या तोंडी ती शिवी होती. मी इंजिनियर नव्हते; शेतकीची पदवी घेऊन उद्यान खात्यात साहाय्यक म्हणून नुकतीच चिकटले होते. पण ऑक्टोबरच्या रणरणत्या उन्हात हातात फाइल घेऊन मी टेकडीवरची पायवाट बघायला गेले, तेव्हा त्यांनी माझे कोरे बूट, माझी टोपी आणि फाइल असं क्रमाने बघून घेतलं आणि अगदी अदबीने विचारलं, “मॅडम इंजिनियर काय?” मी नाही म्हटलं. “मग जुलैमध्ये या,” म्हणाले, आणि झारी उचलून चालते झाले.

मुलुंड पश्चिमेला इमारती संपून डोंगर सुरू होतो, तिथे पाण्याच्या टाकीखाली ही बाग आहे. कागदावर तिला एका थोर पुरुषाचं नाव आहे, पण रिक्षावाल्याला ते सांगितलं तर तो तुम्हाला ठाण्याला नेऊन सोडेल. सगळे टाकीची बाग म्हणतात. बागेच्या मागच्या फाटकातून एक पायवाट टेकडीवर चढते. सकाळी पाच ते नऊ आणि पुन्हा संध्याकाळी तिच्यावर अर्धं मुलुंड चालत असतं: गुडघे बदललेले, साखर वाढलेली, लग्न ठरलेली आणि नुसतीच घरी कंटाळलेली माणसं. बाग, पायवाट आणि सात माळी गावड्यांच्या ताब्यात होते. माझ्या ताब्यात त्यांचे कागद होते.

गावडे तेव्हा निवृत्तीला तीनेक वर्षं राहिलेले, काटक, काळेसावळे. खाकी पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, पांढरा फुल शर्ट आणि त्याच्या बाह्या मे महिन्यातसुद्धा मनगटापर्यंत बटणं लावून बंद. हातात टोकाला लोखंडी खिळा ठोकलेला बांबू. वडील लालबागला गिरणीत होते. गिरणी गेल्यावर बिऱ्हाड भांडुपला आलं ते तिथेच. पण गावडे स्वतःला भांडुपचे समजत नसत. विचारलं की कुडाळकडच्या आपल्या गावाचं नाव सांगत, आणि असं सांगत की जणू संध्याकाळच्या गाडीने निघायचंच आहे.

त्यांच्या दोन भाषा होत्या. साहेबाशी बोलताना ते सावकाश, पुस्तकी मराठी बोलत. राग आला, आनंद झाला किंवा खरं बोलायची वेळ आली की मालवणी. मी हळूहळू हे ओळखायला शिकले. मराठीत ‘होऊन जाईल मॅडम’ म्हणाले की ते काम होणार नसे. “करतंय मां,” म्हणाले की दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं असे.

वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, ते रजा घेत. अर्जात कारण म्हणून एकच: ‘देवाचे काम.’ माझ्या आधीच्या साहेबांनी एकदा ‘कोणते काम ते स्पष्ट करावे’ असा शेरा मारून अर्ज परत पाठवला. गावड्यांनी त्याखाली लिहिलं, ‘देवास विचारून कळवितो,’ आणि गावाला निघून गेले. तो कागद मी फाइलमध्ये अजून जपला आहे. गावातल्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. सगळ्या गावातर्फे देवाला जे काही सांगायचं, मागायचं, कबूल करायचं ते गावड्यांनी मोठ्याने बोलायचं आणि मागे उभ्या गावाने प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मुंबईत ज्या माणसाला कुठलाही कनिष्ठ अभियंता ‘ए मुकादम’ म्हणून हाक मारायचा, त्याच्या तोंडून तिकडे अख्खा गाव देवाशी बोलत असे.

देव एवढा मानणारा माणूस, पण देवाच्या नावाने बिनदिक्कत थापा मारायचा. बागेतल्या बाकांना रंग दिला की आम्ही ‘रंग ओला आहे’ अशी पाटी लावत असू. मुंबईकर ती पाटी वाचतो, मग ती खरी आहे का हे बघायला बोट लावतो, मग बोट पुसायला बाकाची दुसरी बाजू वापरतो. गावड्यांनी एके वर्षी पाट्या लावल्याच नाहीत. प्रत्येक बाकावर मधोमध एक लिंबू ठेवलं आणि त्याच्याभोवती चिमूटभर हळदकुंकू. दोन दिवस बाकांकडे कोणी फिरकलं नाही. एरवी बाकांवर अंगठे धरून बसणारी योगाची मंडळीसुद्धा उभ्यानेच श्वास घेऊन गेली.

“काका, तुम्ही तर देव मानता,” मी म्हटलं. “मग हे काय?”

“लिंबू देव नाय मॅडम. लिंबू म्हंजे लिंबू,” ते म्हणाले, आणि दोन दिवसांनी सगळी लिंबं गोळा करून माळ्यांना सरबत करून पाजलं.

बागेच्या कोपऱ्यातून बसस्टॉपकडे जाणारी आडवी फरशी मी एकदा नकाशात शोधत होते. ती नकाशात नव्हती. नकाशात तिथे हिरवळ होती. चौकशी केल्यावर कळलं, लोक हिरवळीतूनच जात, म्हणून खात्याने तीनदा तार ओढली आणि लोकांनी तीनदा तार वाकवली. चौथ्यांदा तार आली तेव्हा गावड्यांनी ती चौकीत टाकली आणि कुठून तरी निघालेल्या जुन्या फरश्या आणून त्या वाकड्या रेषेवर बसवून टाकल्या. मी जाब विचारला, कारण विचारणं माझं काम होतं. “माणसा तीनदा तकडसून गेली तर वाट चुकीची नाय,” ते म्हणाले, “नकाशो चुकीचो.” मी नवीन नकाशा काढायला लावला.

टेकडीच्या वाटेच्या बाबतीत मात्र ते माणसांचं अजिबात ऐकत नसत. तिथे ते फक्त पाण्याचं ऐकत. डोंगरावरच्या पायवाटेला माणसांपासून फारसा धोका नसतो. पावसाचं पाणी त्याच वाटेने सरळ खाली धावायला लागलं की एका मोसमात वाटेची घळ होते आणि वाट संपते. म्हणून दर पंधरा-वीस पावलांवर गावड्यांनी वाटेत तिरकी दगडांची रांग पुरलेली होती, जमिनीवर वीतभर डोकी काढलेली, आणि रांगेच्या वरच्या अंगाला एक उथळ चर. पाणी आलं की दगडांना अडून चरात वळायचं आणि बाजूच्या नाल्यात जायचं. दर मे महिन्यात ते सगळे चर नव्याने काढत. जुलैत, भर पावसात, छत्री घेऊन वर जात आणि पाणी कुठे ऐकत नाहीये ते बघत. मी पहिल्या जुलैत त्यांच्यामागे गेले, तेव्हा कुठे त्यांनी मला इंजिनियर म्हणायचं सोडलं.

सगळ्यात महत्त्वाचा चर वळणावरचा. तिथे वाट कातळाला वळसा घालते आणि बरोबर खाली, डोंगराला पाठ टेकवून, सात घरांची एक ओळ आहे. मी यायच्या आधी एका पावसात वळणावरून चिखल उतरला आणि कडेच्या घरात कंबरेइतका भरला. त्या घरची माणसं लग्नाला गेली होती म्हणून वाचली. गावड्यांनी त्यानंतर वळणावर जो मधला दगड आणून बसवला तो गुडघाभर उंचीचा होता. सात घरं त्या एका चरावर होती, आणि हे गावडे, माळी आणि त्या घरांतल्या बायका सोडून कोणालाही माहीत नव्हतं.

कर्णिकांना तर नव्हतंच. कर्णिक म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. पांढरे कॅनव्हासचे बूट, कानटोपी, बरोबर पत्नी. आमच्याकडे ज्या तक्रारी येत त्यातल्या निम्म्या त्यांच्या असत, सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ आणि खाली क्रमांक घातलेले मुद्दे. एका डिसेंबरात ते पहाटे वळणावर त्या मोठ्या दगडाला अडखळून पडले आणि मनगट मोडलं. तक्रार डाव्या हाताने लिहिलेली आली, तरी मुद्दे अकरा होते. आमच्या साहेबांनी वाचली आणि म्हणाले, “काढून टाका ते दगड. सपाट करा वाट.”

दुसऱ्या दिवशी गावडे मला वळणावर घेऊन गेले. बाजूचा एक दगड पहारीने उचकटला, टँकरच्या पाण्याने भरलेल्या दोन बादल्या वर आणून ठेवल्या होत्या, त्या ओतल्या. पाणी क्षणभर थबकलं, मग त्या खाचेतून सुटलं आणि कडेवरून खाली पत्र्यावर धाडधाड कोसळलं. खालून एक बाई किंचाळत बाहेर आली. “कोण आहे रे वर? लाज नाही वाटत?” गावडे कडेशी जाऊन म्हणाले, “मी हाय ताई, मुकादम. मॅडमना दाखवत होतो.” बाईने वर बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाली, “दाखवून झालं असेल तर बंद करा.”

मी टिपणी लिहिली. दगड पाण्याच्या निचऱ्यासाठी आवश्यक असून ते काढू नयेत, मात्र नागरिकांना ठळक दिसतील असे रंगवावेत. ‘रंगवावेत’ हा शब्द माझा. पुढे जे झालं त्याची सुरुवात त्या शब्दाने झाली, हे मी कधी नाकारलं नाही.

आमच्या खात्यात रंगवा म्हटलं की गेरू आणि चुना. झाडांचे बुंधे आपण रंगवतो तसा खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा. माळ्यांनी खालपासून रांगा रंगवत आणल्या. वळणाशी पोचेपर्यंत चुना संपला. मधला मोठा दगड नुसता गेरूचा, डोक्यापासून पायापर्यंत लाल, तसाच राहिला.

संक्रांतीच्या सुमारास त्याच्या डोक्यावर एक झेंडू दिसला. मग हळदकुंकू. ते कर्णिकवहिनींचं काम होतं. पहाटेच्या अंधारात आपले यजमान याच दगडाला अडले म्हणून थांबले, नाहीतर कडेवरून थेट खाली गेले असते, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. हिशोबाने बघितलं तर त्यात चूक काही नव्हती. कर्णिकांनाही ते पटलं, आणि एकदा पटल्यावर त्यांनी ते बँकेतलं काम अंगावर घेतल्यासारखं घेतलं. होळीपर्यंत शेंदूर चढला, घंटा आली. रामनवमीला पाहिलं तर दगडाभोवती सिमेंटचा ओटा, पुढे पाय धुवायला फरशी. ओटा बरोबर चराच्या तोंडावर होता. चर गायब.

त्याच सुमारास प्रभागातल्या विनापरवाना धार्मिक बांधकामांची यादी मागणारा एक फॉर्म आला. रकाना होता, ‘कधीपासून’. कर्णिकांना विचारलं. “पुरातन,” ते म्हणाले. मी म्हटलं, “काका, जानेवारीत मी स्वतः टिपणी लिहिली आहे.” त्यावर ते माझ्याकडे दयेने बघत राहिले. मी रकान्यात ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहिलं. कोणी बांधलं याच्यापुढे ‘अज्ञात’. खात्याच्या गेरूने खात्याच्या माळ्यांनी घडवलेला देव सरकारी कागदावर अज्ञात झाला. फॉर्म वर गेला आणि वरून उलट पत्र आलं, निर्णय होईपर्यंत कोणत्याही बांधकामास हात लावू नये. निर्णय कधी होणार ते मला विचारू नका.

मे अर्धा सरला. गावडे बाकीचे चर काढत होते आणि वळणाशी येऊन थांबत होते. मी विचारलं, दुसरीकडून नाही का काढता येणार? त्यांनी पहार घेऊन चार ठिकाणी ठोकून दाखवली. सगळीकडे टण्ण आवाज. खाली कातळ होता. पाण्याला जायला तेवढीच एक फट होती आणि तिच्यावर ओटा.

ते कर्णिकांकडे गेले, मीही बरोबर होते. गावडे मराठीत म्हणाले, “साहेब, तो दगड मी स्वतः खाणीवरनं आणलाय. देव नाही तो.”

कर्णिक शांतपणे म्हणाले, “मुकादम, मूर्तिकार मूर्ती करतो, ती त्याच्या हाताखालची मातीच असते. म्हणून चतुर्थीला तो तिला ऊठ म्हणतो का?”

मला वाटलं गावडे काहीतरी सुनावतील. पण त्यांचा चेहरा पडला. चौथ्या दिवशी चौकीत चहा पिताना म्हणाले, “मॅडम, कर्णिक बोलले ता खोटां नाय. चार म्हयने माणसां हात जोडतत. त्या दगडाक आता ठावक झालां आसतला.”

मग घरचं सांगितलं. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आली होती, सहावा चालू होता. बायको म्हणत होती, घरात पोर पोटुशी आहे, या वर्षी देवाला हात लावू नका. खात्याने लावायचा तर खातं लावेल. तिचंही बरोबर होतं. नोकरीचे दोन महिने राहिले होते. त्यांनी डोळ्यावर कातडं ओढलं असतं तर कोणी विचारलं नसतं. मी तर नक्कीच विचारलं नसतं. माझ्याकडे हात लावू नये असं लिहिलेलं पत्र होतं.

मेच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेसहाला वळणावर चाळीस-पन्नास माणसं जमली होती. गावड्यांनीच आदल्या दिवशी बागेत सांगून ठेवलं होतं, उद्या देवाला गाऱ्हाणं आहे. कर्णिक खूश होते. एक नारळ, पाच पानं, सुपारी. गावडे चपला काढून दगडापुढे उभे राहिले आणि त्यांचा आवाज बदलला. तो आवाज मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी आधी मागच्या मंडळींना ‘व्हय म्हाराजा’ कुठे म्हणायचं ते समजावलं. मंडळी हास्यक्लबातली, एकसाथ ओरडायची सवय असलेली. लगेच जमलं.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत. कोणाचे गुडघे दुखतत, कोणाची साखर वाढली हा, तेंका बरा कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गुडघेवाल्यांनी जास्त जोरात म्हटलं.

“कोणाची पोरां परदेशात हत, तेंची नोकरी सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाच्या सोसायटीत भांडाण आसा, ता मिटव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यावर थोडं हसणं झालं. एव्हाना सगळ्यांना लय सापडली होती.

“तुझ्या पायाखाली पाण्याची वाट आसा, ती आमच्या हातून बंद झाली. खाली सात घरां हत, तीव तुझीच लेकरां. ती वाट मोकळी करूक तू चार पावलां बाजूक सरकान बस रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” चाळीस गळ्यांनी म्हटलं. कर्णिकांनीही म्हटलं, आणि मग आपण काय म्हटलं ते त्यांच्या ध्यानात आलं. तोंड तसंच उघडं राहिलं. पण देवासमोर दिलेला होकार, तोही भर मंडळीत. मागे कसा घेणार?

इथे थांबले असते तरी चाललं असतं. मला वाटलं संपलं, मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. गावड्यांनी हात जोडलेलेच ठेवले.

“ह्यात काय चुकला आसात, कोणाचो दोष आसात, तर तो ह्या लेकरांच्या माथ्यार घालू नको. माझ्या एकट्याच्या माथ्यार घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

तेही सगळ्यांनी तितक्याच मोठ्याने म्हटलं. मीही म्हटलं.

ओटा फुटला, चार माळ्यांनी गोणपाट घालून, पहारी लावून दगड उचलला आणि चार पावलं वर, सपाट जागेवर बसवला. गावड्यांनी नवा ओटा स्वतः रचला, सुक्या दगडांचा, सिमेंट न लावता. रांगेत देवाच्या रिकाम्या जागी तेवढाच दुसरा दगड पुरला, आणि नऊ वाजेपर्यंत चर मोकळा झाला. कर्णिकवहिनींनी प्रसादाचं खोबरं वाटलं. साहेबांना मी काही कळवलं नाही. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई पूर्ण, एवढं लिहिलं.

त्या दिवशी मला गावड्यांचं कौतुक वाटलं होतं, एखाद्याने चतुराईने काम काढून घेतलं की वाटतं तसं. शेवटचं वाक्य मला त्या चतुराईचाच भाग वाटलं. ते तसं नव्हतं हे कळायला जुलै उजाडावा लागला.

मुलीला आठव्या महिन्यातच कळा आल्या. मुलगी झाली, दीड किलोच्या आतबाहेर. काचेच्या पेटीत ठेवली. नात वाचली, हे मी आताच सांगून टाकते. पण ज्या सकाळची गोष्ट सांगायची आहे त्या सकाळी ते कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरही ‘बघू’ एवढंच म्हणत होते.

आदल्या दिवशी गावडेवहिनी भिजत बागेतल्या चौकीत आल्या. मी त्यांना प्रथमच बघत होते. त्या बसल्या नाहीत. “मॅडम, तुमी सांगा तेंका,” म्हणाल्या. “भर लोकांत दोष मागून घेतल्यानी. मागल्यार देव दितलोच मां? माथ्यार घाल म्हणाले. माथो कोणाचो, ता देवाक काय म्हायत? देव होतो थय परत ठेवक सांगा. पोरासाठी सांगा.” मी त्यांना पाणी दिलं. आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं होतं, हे मला त्या क्षणी आठवलं आणि मला लाज वाटली. “ते काय म्हणतात?” मी विचारलं. “बोलत नाय,” वहिनी म्हणाल्या. “सकाळी पहार घेवन जातलंय म्हणाले.”

दोन दिवस सलग कोसळत होतं. सकाळी मी वर गेले. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. सगळे चर भरून वाहत होते. वळणाशी गावडे उभे होते, छत्री नाही, शर्टाच्या बाह्या नेहमीसारख्या मनगटापर्यंत बंद, हातात पहार. समोर दगड, शेंदूर पावसाने ओघळलेला. बाजूने चरातून तांबडं पाणी मांडीएवढ्या जाडीचं वळून नाल्याकडे पडत होतं. त्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. खाली सात घरांचे पत्रे दिसत होते. एका दारात कोणीतरी बादली विसळून ठेवत होतं.

मी जवळ गेले. ते म्हणाले, “मॅडम, तुमी शिकलेल्या. ह्या दगडात देव आसा की नाय?”

त्यांना काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर सोपं झालं असतं. पण त्या माणसासमोर माझ्याने खोटी खात्री देववेना. “मला नाही माहीत, काका,” मी म्हटलं.

“माका म्हायत आसा,” ते म्हणाले. “आसा.”

त्यांनी पहार उचलली. चराच्या तोंडाशी वरून वाहून आलेली एक जाड फांदी अडकली होती, तिच्यामागे पाला साचून पाणी वाटेकडे चढायला लागलं होतं. पहारीचं टोक तिच्याखाली घालून त्यांनी जोर दिला. फांदी सुटली, पाला गेला, पाणी खाली बसलं. मग ते दगडाकडे वळले. हात जोडले नाहीत. घरातल्या माणसाशी बोलावं तसं, चढ्या आवाजात म्हणाले, “तू हयच रवतलंस. तुका काय करूचा ता कर. मी चर बुजवचंय नाय.”

मग पहार खांद्यावर टाकली आणि उतरायला लागले. हॉस्पिटलात अकरा वाजता पाच मिनिटं काचेतून बघू देत असत, आणि त्यांना उशीर झाला होता.